झुंज परदेशात, पैज व्हिएतनाममध्ये

कोंबड्यांच्या झुंजीच्या नादाबद्दल व्हिएतनाममध्ये कुरकुर जुनीच. तेराव्या शतकात मंगोल स्वारीच्या तोंडावर तिथल्या सेनापतीने सरदारांना सुनावले होते, कोंबड्याच्या पायाचा काटा शत्रूचे चिलखत भेदणार नाही. पुढची काही शतके ओलांडू.

2017 मध्ये सरकारने घोड्यांच्या आणि ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांच्या शर्यतींवर, तसेच प्रायोगिक तत्त्वावर आंतरराष्ट्रीय फुटबॉलवर पैज लावायला वाट करून दिली. कोंबडे त्यातून वगळले गेले. मग शौकीन मोबाइलवर कंबोडियातल्या आणि फिलिपाईन्समधल्या झुंजी थेट पाहू लागले. लाल बाजू ‘मेरॉन’ आणि निळी ‘वाला’ ही फिलिपिनो आखाड्यातली नावेही तशीच आली.

खरा गुंता मात्र पन्नास लाख डोंगचा (डोंग हे व्हिएतनामचे चलन). 1 जानेवारी 2018 पासून लागू झालेल्या व्हिएतनामच्या दंडसंहितेत जुगार हा गुन्हा ठरायला ही किमान रक्कम आहे, म्हणजे साधारण 16-17 हजार रुपये. त्याखाली बहुधा नुसता प्रशासकीय दंड होतो. इंटरनेटचा वापर असेल तर शिक्षा 3 ते 7 वर्षे. पण रक्कम मोजायची कशी? 2010 च्या न्यायालयीन मार्गदर्शनाप्रमाणे एकत्र बसून जुगार खेळणाऱ्यांचा पैसा एकत्र धरतात, तर फुटबॉल किंवा घोड्यांच्या पैजेत प्रत्येकाचा वेगळा. पडद्यावरची झुंज कोणत्या रांगेत बसवायची? इथे झुंजी एकामागून एक होतात आणि प्रत्येकीवर थोडे थोडे पैसे लागतात. वेगवेगळे मोजले तर छोटा खेळाडू सुटतो, बेरीज केली तर तोच तुरुंगाच्या दारात उभा राहतो. अशी ढिली मोजणी छोट्या माणसाच्या वाट्याला यावी, हे मला तरी पटत नाही.

प्रक्षेपणाच्या बाजूला घडामोडी वेगाने झाल्या. कंबोडियाने ऑगस्ट 2019 मध्ये ऑनलाइन जुगाराचे परवाने थांबवले. फिलिपाईन्समध्ये महामारीत आखाडे बंद पडले आणि परवानाधारक थेट प्रक्षेपण भरभराटीला आले. त्या धंद्याशी जोडलेली तिसाहून अधिक माणसे बेपत्ता झाली. तरी मार्च 2022 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी महिन्याला मिळणाऱ्या 64 कोटी पेसोंकडे बोट दाखवून ते चालू ठेवले आणि मे महिन्यात बंद केले. डिसेंबरमध्ये पुढच्या सरकारने ती बंदी कायम ठेवली. बंदी फक्त ऑनलाइन पैजेला आहे, 1974 च्या कायद्याखालच्या आखाड्यांतल्या झुंजी चालूच आहेत.