प्लॅटिनम-पॅलेडियमचा लेप बिघडतो तेव्हा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्लॅटिनम-पॅलेडियम छपाईत या धातूंच्या क्षारांचे प्रकाशसंवेदी द्रावण ब्रशने कागदावर लावून त्यावर छायाचित्र उमटवतात. होळी झाली की आमच्याकडे एकच तक्रार येऊ लागते : छायाचित्राच्या गडद भागात दाणे दिसतात, ब्रशचे फराटे उमटतात, तेव्हा द्रावणाची बाटली बदलून द्यावी. अशा वेळी आम्ही आधी लेप दिलेल्या कागदाची एक पट्टी मागवतो. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. परंतु पॅलेडियमचा भाव पाहता चांगली बाटली फेकून देणे आपल्यालाही परवडत नाही आणि आम्हालाही. पट्टी पाहिल्यावर दोष बहुधा द्रावणाचा नव्हे, कागदाच्या कोरडेपणाचा निघतो.

विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते. असा वाळलेला सुती कागद थेंब पडताच तो शोषून घेतो आणि द्रावण पसरण्याआधीच ब्रश अडखळू लागतो. लेप देताना मंद पिवळ्या दिव्याखाली कागद तिरपा धरून पाहावा. ब्रश फिरत असतानाच ओली चमक जागोजागी विझत असेल, तर कागद कोरडा आहे असे खुशाल समजावे. येथेच बहुतेक जण आणखी थेंब टाकून जोराने ब्रश घासतात. त्यामुळे कागदाचे तंतू उपसून वर येतात आणि तो कागद कायमचा वाया जातो.

उपाय साधा आहे. झाकणाच्या प्लास्टिक पेटीत तळाशी पाण्याचे ताट, त्यावर जाळी आणि जाळीवर कागद, असे आदल्या रात्री ठेवावे. सोबतचा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ५० ते ६० टक्के दाखवू लागला की कागद तयार झाला. अशी पेटी आम्ही देतो, पण घरातली कोणतीही घट्ट झाकणाची पेटी चालेल. हायग्रोमीटर मात्र चांगला घ्यावा. खोलीत कूलर असल्यास हरकत नाही, फक्त टेबल त्याच्या झोतात नसावे, कारण उडालेल्या तुषारांचे डाग लेपावर राहतात. पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो : ओलसर कागदात द्रावण खोल उतरते आणि काळा रंग फिका पडतो.

पांढऱ्या भागावर धूसर थर आला, तर मात्र उष्णतेवर संशय घ्यावा. लेप ४० अंशांहून अधिक गरम हवेत वाळवला किंवा फेरिक ऑक्झलेटचे (लेपातील प्रकाशसंवेदी लोहक्षाराचे) द्रावण तापले, की त्यातील काही लोह फेरस रूपात जाते, म्हणजे एरवी प्रकाशाने होणारा बदल आधीच होऊन बसतो. द्रावणाच्या एका थेंबात पोटॅशियम फेरिसायनाइडचा थेंब टाकल्यास गडद निळा रंग येणे ही त्याची खूण होय. उन्हाळ्यात आम्ही फेरिक ऑक्झलेट भुकटीच्या रूपातच पाठवतो ते यासाठी. पार्सल गाडीत तापले तरी भुकटी द्रावणापेक्षा अधिक तग धरते.

काळे ठिपके बहुधा ब्रशच्या लोखंडी पट्टीमुळे येतात, म्हणून धातूविरहित ब्रशच वापरावा. ब्रश बोअरच्या पाण्याने धुऊन तसाच वापरू नये. त्या पाण्यातील चुना ऑक्झलेटशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतो. शेवटचे खळबळणे डिस्टिल्ड वॉटरने करावे. ते गावात मिळत नसल्यास बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे सीलबंद पाणी चालते.

तक्रारीची पट्टी पाठवताना तिच्या मागे पेन्सिलीने कागदाचे नाव, त्या वेळची आर्द्रता आणि लेपाला वापरलेले थेंब लिहावेत. दोष द्रावणाचा निघाल्यास बाटली आमच्या खर्चाने बदलून मिळेल.