खुलासा : ‘ओळख असली की ऑर्डर आपोआप येते’

कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज : ‘परचेस मॅनेजरशी संबंध जपा, बाकी सगळं दुय्यम.’

ओळखीचा उपयोग होतो, पण मुख्यतः दराची चौकशी हातात पडेपर्यंत. पुढचा निर्णय सहसा एकट्याचा राहत नाही. ड्रॉइंगमधली टॉलरन्स (मापात चालणारा फरक) जमते का, हे क्वालिटीवाले सॅम्पल मोजून ठरवतात. भाडं, पॅकिंग आणि उधारीचे दिवस धरून दर ताडला जातो. मोठ्या रकमेला फायनान्सची सही लागते. पुरवठा सुरू झाला की व्हेंडर रेटिंग (कारखाना पुरवठादाराला देतो ते गुण) बोलतं : ५,००० नग पाठवले, १० परत आले, तर रिजेक्शन २,००० पीपीएम, म्हणजे दहा लाख नगांमागे २,०००. कारखान्याची उत्पादन लाइन थांबली तर ओळखीच्या साहेबालाच वर उत्तर द्यावं लागतं, मग तो आपली बाजू किती दिवस घेणार?

हा समज टिकतो, कारण आपण मिळालेल्या ऑर्डरीच आठवतो. पडताळून पाहा. गेल्या १२ महिन्यांची सगळी कोटेशन्स काढा, हुकलेलीसुद्धा. प्रत्येकासमोर लिहा : ओळख होती का, कोटेशन किती दिवसांत गेलं, सॅम्पल पहिल्या खेपेला पास झालं का. ओळख असून हुकलेल्या आणि ओळख नसताना मिळालेल्या ऑर्डरी आधी वाचा; खरं उत्तर तिथेच सापडतं. कारण कळत नसेल तर परचेसला सरळ विचारा : दर, मुदत की क्वालिटी? आणि पुढच्या भेटीत आपल्या रेटिंगची शीट मागून घ्या.