उच्चदाब वाहिन्यांलगतचे वीजसंग्रहण

उच्चदाब वीजवाहिनीला तार न जोडता, तिच्याभोवतीच्या विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रातून वीज मिळवणे. तारेवर आकडा टाकण्याहून हे वेगळे आहे. आकड्यात थेट जोडणी असते, इथे सगळे काम प्रवर्तनावर, म्हणजे बदलत्या क्षेत्रामुळे स्पर्शाविना वीज निर्माण होण्यावर, चालते.

टॉवरखाली सांडणारी वीज फुकट उचलता येईल ही कल्पना लोकप्रिय असली, तरी तिच्यात मुळातच गफलत आहे. क्षेत्रातली ऊर्जा सांडत नसते. ५० हर्ट्झच्या वाहिनीत ती सेकंदाला शंभर वेळा तारेभोवती साठते आणि तितक्याच वेळा परत जाते. मध्येच कोणी ती काढून घेतली, तर तेवढा जादा भार वीजकेंद्रातल्या जनित्रावर पडतो. खरी गळती होते ती तारा तापण्यात आणि पावसाळी हवेत टॉवरजवळ ऐकू येणाऱ्या चरचरीमागच्या कोरोना विसर्जनात, म्हणजे तारेलगतच्या हवेत वीज निसटण्यात. तारेतून निसटलेली ती उष्णता खाली पत्रा किंवा वेटोळे लावून पकडता येत नाही.

४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीखाली जमिनीलगतचे विद्युत क्षेत्र मीटरला काही हजार व्होल्ट असते. ते ५,००० व्होल्ट धरले, तर जमिनीपासून अलग ठेवलेल्या एक चौरस मीटर पत्र्यातून जमिनीकडे वाहणारा प्रवाह भरतो सुमारे १४ मायक्रोअँपिअर. साधा एलईडी नीट उजळायला १० ते २० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे याच्या किमान सातशे पट. व्होल्टेज मात्र भरपूर मिळते आणि पाहणारा फसतो तो इथेच. ट्यूबलाइटमधल्या वायूला मंद उजळायला व्होल्टेज पुरते, प्रवाह नाममात्र चालतो. म्हणून वाहिनीखाली हातात धरलेली सुटी ट्यूब अंधारात चमकते. ब्रिस्टल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात निवासी कलावंत असलेल्या रिचर्ड बॉक्स यांनी २००४ मध्ये इंग्लंडमधल्या एका शेतात वाहिनीखाली १,३०१ ट्यूब उभ्या रोवून हेच दाखवले. दृश्य विलक्षण होते, पण त्यातून घरात एकही दिवा लागला नसता.

चुंबकीय क्षेत्राचा हिशेब आणखी निराशाजनक आहे. वाहिनीखाली १० मायक्रोटेस्ला क्षेत्र असेल, तर एक चौरस मीटरच्या वेटोळ्यात दर वेढ्याला जेमतेम ३ मिलिव्होल्ट निर्माण होतात. १२ व्होल्टसाठी सुमारे ३,८०० वेढे, म्हणजे १५ किलोमीटर तार हवी. ती १ चौ. मि.मी. जाडीची घेतली, तर तांबेच १३५ किलोच्या आसपास लागते, आणि योग्य कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) जोडून जुळवणी केली तरी हाती येतो पाव वॅटहून कमी. तांबे भंगारात विकलेले परवडेल. चंद्रपूर–पडघे या ±५०० केव्हीच्या डीसी वाहिनीखाली तर हेही नाही. तिथला प्रवाह दिशा बदलत नाही, त्यामुळे स्थिर वेटोळ्यात प्रवर्तन होण्याचा प्रश्नच येत नाही.

वाहिनीपासून दूर फसलेले हे तंत्र थेट तारेवर मात्र उपयोगी पडते. तारेभोवती बसवलेला चुंबकीय गाभा करंट ट्रान्सफॉर्मरसारखा, म्हणजे तारेतल्या प्रवाहातून गाभ्यावरच्या वेटोळ्यात लहान प्रवाह निर्माण करणाऱ्या साधनासारखा, काम करतो. तारेतला प्रवाह पुरेसा असेल, तर त्यातून काही वॅट मिळतात. तारेचे तापमान, झोल आणि प्रवाह मोजून माहिती बिनतारी पाठवणारे संवेदक यावर चालतात. बॅटरी बदलण्यासाठी उंच टॉवरवर माणूस चढवावा लागत नाही, ही मोठी सोय. भार कमी असताना गाभ्याला वीज मिळत नाही, म्हणून सोबत छोटी साठवण ठेवावी लागते. सदर्न डेन्मार्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये वाहिनीला आपणहून लटकून बॅटरी भरून घेणारा ड्रोन दाखवला. वाहिन्यांच्या पाहणीसाठी ही दिशा आश्वासक वाटते.

या कल्पनेमागची व्यथा मात्र खोटी नाही. डोक्यावरून लाखो व्होल्ट जातात आणि खालच्या गावात दिवा नसतो, अशी परिस्थिती अनेक देशांत होती. तिच्यावर रोम विद्यापीठाच्या प्रा. फ्रान्चेस्को इलिचेतो यांनी सुचवलेला उपाय घानामध्ये वापरला गेला. टॉवरच्या माथ्यावरची, वीज पडण्यापासून संरक्षण देणारी तार इन्सुलेटरवर बसवायची आणि उपकेंद्रातून तिला मध्यम दाबाचा पुरवठा देऊन वाटेतल्या गावांना वीज द्यायची. ही वीज क्षेत्रातून चोरलेली नव्हे, रीतसर दिलेली; म्हणूनच ती गावाला पुरते.

प्रवर्तनाचा शेतकऱ्याशी येणारा संबंध बहुधा नकोसाच असतो. वाहिनीला समांतर गेलेले लांब तारकुंपण किंवा द्राक्षमांडवाच्या तारा जमिनीपासून अलग राहिल्या, तर त्यांत विद्युतभार साठून हात लावताच झटका बसतो. अशा तारांना ठरावीक अंतरावर अर्थिंग करतात. हौशी प्रयोगांतला मोठा धोका वेगळाच आहे : वाहिनीखाली उंच काठी, शिडी किंवा तार उभी करणे. सुरक्षित अंतर मोडले, की स्पर्श न होताही हवेतून ठिणगी उडून जीव जातो. कायद्याच्या बाजूने पाहता, विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ मध्ये वाहिनीवरून बेकायदा जोडणी घेणे आणि मीटरमध्ये फेरफार करणे यांसारखे प्रकार चोरी ठरतात व त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जोडणीविना क्षेत्रातून वीज घेण्याचा त्यात वेगळा उल्लेख नाही.