परदेशी लॅपटॉप आणि भारतीय सॉकेट

परदेशात विकत घेतलेला लॅपटॉप भारतातल्या विजेवर चालवण्यासाठी प्लग, विद्युतदाब आणि अर्थिंग यांचा मेळ घालण्याची व्यवस्था. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेतून आलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत उद्भवतो. ऑनसाइटहून परतलेले अभियंते, सुट्टीला आलेले विद्यार्थी आणि भाच्यापुतण्यासाठी लॅपटॉप घेऊन येणारे मामा-काका हे त्याचे नेहमीचे वाहक. १८ वर्षांवरील प्रवाशाला सामानात एक लॅपटॉप सीमाशुल्क न भरता आणता येतो. 

खोके उघडल्यावर पहिली अडचण दिसते ती चपट्या पात्यांच्या प्लगची. भारतीय बोर्डाला गोल भोके असतात, त्यामुळे तो बसत नाही. घरात लगेच चर्चा सुरू होते ती ‘तिकडचा लॅपटॉप इकडच्या विजेवर जळेल का’ याची. बहुतेक वेळा तो जळत नाही. का जळत नाही, हे अडॅप्टरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते.

त्या ठोकळ्याच्या पोटाकडच्या बाजूला ‘इनपुट’ या शब्दापुढे १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे आकडे असतात. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची आहे, जपानमध्ये १०० व्होल्टची, भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. छापलेल्या पट्ट्यात हे तिन्ही बसतात. गेल्या वीसपंचवीस वर्षांतले जवळजवळ सगळे लॅपटॉप अडॅप्टर असेच आहेत, कारण कंपन्यांना जगभर एकच ठोकळा विकणे परवडते. देशानुसार बदलते ती फक्त वायर. तरीही आकडे वाचल्याशिवाय प्लग लावू नये. ‘१००–१२० व्होल्ट’ किंवा नुसते ‘१२० व्होल्ट’ असे दिसले तर ते उपकरण भारतात थेट लावता येत नाही. त्याला दाब उतरवून देणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

एवढा मोठा पट्टा पेलणे शक्य होते ते स्विच-मोड पद्धतीमुळे. अडॅप्टर आत आलेली प्रत्यावर्ती म्हणजे एसी वीज सगळ्यात आधी एकदिश म्हणजे डीसी करतो. १२० व्होल्टपासून अशा वेळी सुमारे १७०, तर २३० व्होल्टपासून सुमारे ३२५ व्होल्ट मिळतात. मग हा दाब एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्याशा ट्रान्सफॉर्मरला देतो. बाहेर पडणारा दाब, समजा १९.५ व्होल्ट, कमीजास्त होतोय असे दिसले की स्विच किती काळ चालू ठेवायचा हे आतले सर्किट बदलते. म्हणून आत १२० येवोत की २३०, लॅपटॉपला मिळते ते तेवढेच. वीज सुरुवातीलाच एकदिश होत असल्याने ५० की ६० हर्ट्झ हा प्रश्नही तिथेच संपतो.

लॅपटॉप नीट चालला की माणसाचा धीर चेपतो आणि त्याच बॅगेतला हेअर ड्रायर त्याच बोर्डाला लागतो. नुकसान इथे होते. १२० व्होल्टचा १,५०० वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर लावला तर तापणारी तार जवळजवळ पावणेचार पट शक्ती ओढू पाहते, म्हणजे सुमारे ५,५०० वॉट. काही सेकंदांत वास येतो आणि खेळ संपतो. अमेरिकेतून आणलेल्या जुन्या डेस्कटॉपचीही हीच कथा. त्याच्या मागे ११५ आणि २३० असा लाल सरकता खटका असतो, आणि तो ११५ वर राहिला तर बटण दाबताक्षणी फट् आवाज होतो. लॅपटॉपच्या ठोकळ्याला असा खटका नसतो.

प्लगांची ही विविधता इतिहासातून आली आहे. अमेरिकेत हार्वे हबेल यांनी काढता-घालता येणाऱ्या प्लगचे पेटंट १९०४ मध्ये मिळवले. तिथला चपट्या पात्यांचा प्लग त्याच परंपरेतला. भारताकडे आलेला गोल पिनांचा थ्री पिन हा ब्रिटनच्या बीएस ५४६ या १९३४ च्या मानकातला. खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला नवा प्लग स्वीकारला आणि हळूहळू गोल पिना मोडीत काढल्या. भारताने मात्र त्या ठेवल्या. आजही आपल्या घरांत ६ अँपिअरचा लहान आणि फ्रिज-गिझरचा १६ अँपिअरचा मोठा असे दोन सॉकेट दिसतात आणि त्यांचे मानक आयएस १२९३ हे आहे. जगभरासाठी एकच प्लग असावा म्हणून १९८६ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक निघाले खरे, पण त्याच्या वाटेने जाणारे ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेसारखे मोजकेच देश. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या यादीत आज ए ते ओ असे पंधरा प्रकार आहेत. अमेरिकेचे ए आणि बी, ब्रिटन, दुबई व सिंगापूरचा जी, ऑस्ट्रेलियाचा आय, आणि भारताचे सी, डी व एम.

या सगळ्यावर बहुतेक जण शोधतात तो उपाय म्हणजे दुकानात ‘कन्व्हर्टर’ म्हणून मिळणारा प्लॅस्टिकचा तुकडा. तो फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. दोन दिवसांच्या मुक्कामाला तो पुरतो. रोजच्या वापराला नाही. एक तर तो बोर्डातून बाहेर लोंबत राहतो, वायरच्या ओढीने सैल होतो, आणि सैल जोडणीत ठिणग्या पडून बोर्डाच्या भोकांभोवती तपकिरी डाग उमटतो. दुसरे म्हणजे बरेचसे स्वस्त कन्व्हर्टर तीन पिना घेऊन पुढे दोनच देतात, त्यामुळे अर्थिंग तिथेच तुटते. तिसरी गोष्ट फारशी कोणी पाहत नाही. अमेरिकी वायरीच्या प्लगवर ‘१२५ व्होल्ट’ असे कोरलेले असते, जपानी वायरीवर बऱ्याचदा ‘७ अँपिअर, १२५ व्होल्ट’. ठोकळा २४० व्होल्टपर्यंतचा असला तरी त्याच्यासोबत आलेली वायर त्या दाबासाठी प्रमाणित नसते.

म्हणून खरा उपाय वायर बदलणे हाच. बहुसंख्य अडॅप्टरांची भिंतीकडची वायर ठोकळ्यातून ओढून काढता येते. तिच्या टोकाचे आकार जगभर सारखे आहेत आणि ते ओळखायला डोळे पुरतात. तीन पाकळ्यांचे तोंड म्हणजे सी-५, ज्याला सगळे मिकी माउस म्हणतात. इंग्रजी आठच्या आकाराचे दोन पिनांचे तोंड म्हणजे सी-७. जुन्या टेपरेकॉर्डरला लागायची तीच वायर. गेमिंग लॅपटॉपच्या जाडजूड ठोकळ्याला डेस्कटॉपच्या मॉनिटरची नेहमीची पॉवर केबल, म्हणजे सी-१३, लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातही या तिन्ही वायरी भारतीय प्लगसह मिळतात. जुनी वायर सोबत नेऊन दाखवली की काम झाले. नव्या प्लगवर आयएसआय चिन्ह आहे ना, तेवढे पाहावे. ६५ वॉटचा अडॅप्टर २३० व्होल्टवर एका अँपिअरच्या आतच घेतो, त्यामुळे ६ अँपिअरचा लहान सॉकेट भरपूर होतो.

काही जण गल्लीतल्या वायरमनकडून अमेरिकी प्लग कापून थ्री पिन टॉप बसवून घेतात. चालते, पण वायर १२५ व्होल्टचीच राहते, आणि रंगांचा घोळ वेगळाच. अमेरिकेत काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेजची आणि काळी न्यूट्रलची. वायरमन सवयीने काळी न्यूट्रलला जोडतो. लॅपटॉपच्या अडॅप्टरला त्याने फरक पडत नाही. हिरवी तार मात्र दोन्हीकडे अर्थिंगचीच, आणि ती आत दुमडून टाकून देण्याची सवय वाईट.

अर्थिंग नसल्याची खूण हाताला कळते. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपवरून चार्जिंग चालू असताना बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली तर खरखरीत, मुंग्या आल्यासारखे वाटते. ‘लॅपटॉपला करंट येतो’ ही तक्रार याचीच. अडॅप्टरमधला विद्युत गोंगाट दाबण्यासाठी आतल्या दोन बाजूंमध्ये, म्हणजे भिंतीकडच्या आणि लॅपटॉपकडच्या, एक लहानसा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो आणि त्यातून किंचित वीज बॉडीपर्यंत झिरपते. मल्टिमीटर लावला तर तो शंभराच्या आसपास व्होल्टही दाखवतो, पण त्यामागचा प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाइतका असतो. अमेरिकेत जो लॅपटॉप कधी टोचला नाही तोच पुण्यात टोचायला लागतो, याचे कारण जवळजवळ दुप्पट झालेला विद्युतदाब. तीन पिनांच्या अडॅप्टरला तीन पिनांची वायर आणि खरोखर अर्थिंग असलेला बोर्ड मिळाला की बहुतेक वेळा हे थांबते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत थ्री पिन सॉकेट असूनही मागे अर्थिंगची तार नसते, तिथे वायर बदलूनही काही होत नाही. धक्का जोराचा, हात मागे घ्यायला लावणारा असेल तर तो या प्रकारातला नव्हे. अडॅप्टर बाजूला काढून ठेवावा.

कुठल्याही देशाचा प्लग घेणारे ‘युनिव्हर्सल’ भोकांचे एक्स्टेन्शन बोर्ड आपल्याकडे सर्रास मिळतात. त्यांत सगळे प्लग जातात, पण धड घट्ट एकही बसत नाही. जर्मनीहून आलेल्या लॅपटॉपचा गोल शुको प्लग त्यात छान बसल्यासारखा वाटतो, मात्र त्याचे अर्थिंग कडेच्या पट्ट्यांवर असते आणि त्या पट्ट्यांना स्पर्श करणारे काहीच बोर्डात नसते. युरोपातल्या बारीक दोन पिनांचा व्यास ४ मिलिमीटर, तर आपला लहान सॉकेट ५.१ मिलिमीटरच्या पिनांसाठी केलेला. काही बोर्डांत त्या पिना डुगडुगतात.

अमेरिकेतल्या सॉकेटला सहसा बटण नसते, त्यामुळे तिथून आलेल्या माणसाला चालू सॉकेटमध्ये प्लग खुपसायची सवय असते. इथे तसे केले तर चर्र आवाजासह ठिणगी दिसते. आतले रिकामे कपॅसिटर एकदम भरतात म्हणून ती पडते, अडॅप्टर बिघडला म्हणून नव्हे. आपल्या बोर्डावरचे बटण आधी बंद करून, प्लग बसवून, मग चालू केले की पिना खराब होत नाहीत.

कमी दाबाची मात्र या अडॅप्टरला फिकीर नसते. कृषिपंप सुरू झाल्यावर गावात व्होल्टेज १७०-१८० वर उतरते, पंखा रेंगाळतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर घरघरतो. परदेशी लॅपटॉप शांतपणे चार्ज होत राहतो. लॅपटॉपसाठी वेगळा स्टॅबिलायझर घेणे म्हणजे पैसे वाया. धोका वरच्या बाजूने आहे. तीन फेजच्या लाइनमधला न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात ४०० व्होल्टच्या आसपास दाब पोचू शकतो आणि मग टीव्ही, राउटर, अडॅप्टर सगळेच जातात. त्यात परदेशी-देशी असा भेद नसतो.

उलट दिशेचा प्रवास सोपा. पुण्याहून बोस्टनला निघालेल्या विद्यार्थ्याची भारतीय वायर २५० व्होल्टची असल्याने तिथल्या १२० व्होल्टवर तिला काही धोका नाही. अडचण फक्त पिनांची, आणि तिथे मिकी माउस वायर सहज मिळते.

यूएसबी-सीमुळे हा विषय आक्रसत चालला आहे. युरोपीय संघात २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना यूएसबी-सीने चार्ज होण्याची सोय सक्तीची आहे. असा लॅपटॉप कुठूनही आणला तरी भारतात घेतलेल्या चार्जरवर चालतो, परदेशी ठोकळा कपाटात गेला तरी बिघडत नाही. बघायचे ते वॉट. लॅपटॉपसोबत ६५ वॉटचा चार्जर आला असेल आणि मोबाइलचा २० वॉटचा लावला, तर तो एक तर चार्ज होणार नाही, नाहीतर काम करताकरता बॅटरी उतरत जाईल. जास्त वॉटचा चार्जर लावायला हरकत नाही, कारण लॅपटॉप हवी तेवढीच शक्ती मागून घेतो. यूएसबी-सी चार्जिंगच्या २०२१ मधल्या सुधारित मानकाने शक्तीची कमाल मर्यादा १०० वरून २४० वॉटपर्यंत नेली, पण त्यासाठी केबलही २४० वॉटची लागते. तीनशे वॉट ओढणारे गेमिंग लॅपटॉप अजून आपल्या जुन्या ठोकळ्यावर आणि सी-१३ वायरीवरच आहेत.