‘स्कॅन केलं, क्लीन आलं’ म्हणजे नेमकं काय कळलं?

ऑनलाइन समूह चालवणाऱ्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: “प्लगिन टाकायच्या आधी स्कॅन केलंय, क्लीन आहे.” प्लगिन म्हणजे साइटला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्रॅम, आणि स्कॅनर त्यात घातक कोड आहे का ते तपासतो. वाक्य खोटं नसतं. पण त्यातून जी खात्री बाळगली जाते, ती कुठलाच स्कॅनर देऊ शकत नाही. आजचे स्कॅनर कच्चे आहेत म्हणून नव्हे. उद्या कितीही हुशार स्कॅनर आला तरी ती हमी मिळणार नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

आधी एक खरी घटना. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर ‘डिस्प्ले विजेट्स’ नावाचं प्लगिन होतं. साइटच्या कोणत्या पानावर कोणतं विजेट (मुख्य मजकुराबाहेरचा छोटा चौकोन) दिसावं, एवढंच त्याचं काम. २ लाखांहून जास्त साइट्सवर ते होतं. २०१७ मध्ये मूळ कर्त्यांनी ते विकलं. नव्या मालकाने जूनमध्ये अपडेट काढलं आणि प्लगिन बाहेरच्या सर्व्हरवरून भलंमोठं काहीतरी ओढून आणू लागलं. तक्रार झाली, वर्डप्रेसने ते अधिकृत संग्रहातून काढलं. मालकाने थोडा बदल करून परत टाकलं. सप्टेंबरपर्यंत ते चार वेळा काढावं लागलं. मधल्या एका आवृत्तीत ‘जिओलोकेशन’ नावाची फाइल आली. नाव भौगोलिक स्थानाचं, पण तिच्यातून मालकाला कोणाच्याही साइटवर हवा तो मजकूर छापता येत होता. आणि हा मजकूर लॉग-इन केलेल्या माणसाला दिसतच नसे! ॲडमिन तर बहुतेक वेळ लॉग-इन असतो. वाचकांपुढे स्पॅम, ॲडमिनपुढे स्वच्छ साइट.

म्हणजे ‘चालवून बघितलं, ठीक वाटलं’ ही तपासणी इथे बाद झाली. समोर कोण आहे ते पाहून वागणं बदलायला प्रोग्रॅमला एक अट पुरते. मग प्रोग्रॅम न चालवता, नुसता कोड वाचून बरा-वाईट ठरवणारं यंत्र बनवता येईल का?

संगणकीय व्हायरसवर पहिलं पद्धतशीर संशोधन करणाऱ्या फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्ये याचं उत्तर दिलं, आणि मला ते विलक्षण सुंदर वाटतं. त्यांनी ते व्हायरसबद्दल मांडलं. आपण प्लगिनवर घेऊ. समजा, कोणी खरोखरच अचूक ‘परीक्षक’ बनवला. कोणताही कोड द्या, तो ‘सुरक्षित’ किंवा ‘घातक’ सांगतो आणि कधीच चुकत नाही. आता मी एक प्लगिन लिहितो. त्याच्या पोटात तोच परीक्षक भरतो. प्लगिन सुरू झालं की स्वतःचाच कोड परीक्षकाला देतं. उत्तर ‘घातक’ आलं तर ते काहीच करत नाही. उत्तर ‘सुरक्षित’ आलं तर सगळा डेटाबेस पुसून टाकतं. आता परीक्षकाने काय म्हणावं? ‘सुरक्षित’ म्हणाला तर प्लगिन घातक ठरतं, ‘घातक’ म्हणाला तर ते कोणाचंच काही बिघडवत नाही. दोन्हीकडे तो चुकतो. म्हणून असा परीक्षक असूच शकत नाही.

ही मुद्दाम रचलेली अडवणूक वाटत असेल, तर दुसरं प्लगिन घ्या. ते ४ पासून पुढची एकेक सम संख्या घेतं आणि ती दोन मूळ संख्यांच्या बेरजेत मांडता येते का ते बघतं. ज्या संख्येला जमणार नाही, ती सापडताच डेटाबेस पुसतं. हे सुरक्षित आहे का? तशी संख्या नाहीच, असा गोल्डबाख यांचा अंदाज १७४२ सालचा. ४ वर १८ शून्यं इतक्या मोठ्या आकड्यापर्यंत तो खरा ठरला आहे, पण सिद्ध झालेला नाही. म्हणजे मोजक्या ओळींच्या या कोडवर ‘सुरक्षित’ शिक्का मारायचा तर आधी पावणेतीनशेहून जास्त वर्षं न सुटलेलं गणित सोडवावं लागेल. याच्या मुळाशी गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांचा १९३६ चा सिद्धांत आहे: कोणताही प्रोग्रॅम कधी तरी थांबेल की चालतच राहील, हे दरवेळी अचूक सांगणारी यांत्रिक पद्धत नाही. १९५३ मध्ये गणितज्ञ हेन्री राइस यांनी तो आणखी ताणला: प्रोग्रॅम काय करतो याविषयीचा कोणताही गुणधर्म घ्या, तो काही प्रोग्रॅमना लागू आणि काहींना लागू नसेल, तर सर्व प्रोग्रॅमसाठी तो अचूक ठरवणारी यांत्रिक पद्धत नाही.

म्हणून प्रत्यक्षातल्या स्कॅनरकडून एक तर चोर सुटतात, नाही तर संन्याशाला फाशी होते, किंवा उत्तरच येत नाही. ‘एआयच्या मदतीने १०० टक्के सुरक्षा’ अशा जाहिराती हल्ली जोरात आहेत. एआय हाही प्रोग्रॅमच आहे. ट्युरिंगचा सिद्धांत त्याला सूट देत नाही. अशी जाहिरात म्हणजे नुसता विज्ञानाच्या वेशातला गंडा-दोरा.

मग तपासणी करायचीच नाही का? करायची, पण प्रश्न बदलून. ‘डिस्प्ले विजेट्स’ची पहिली तक्रार एका ब्रिटिश सल्लागाराने केली. विजेट लपवणाऱ्या प्लगिनला बाहेरच्या सर्व्हरशी बोलायची गरज काय, असं त्या वर्तनाकडे बघून कोणालाही विचारता येतं. सिद्धांत म्हणतो की प्रत्येक कोडचा अचूक निकाल देता येणार नाही. न समजलेला कोड दारातच नाकारायला तो आड येत नाही. म्हणून अपडेट आलं की जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून फक्त बदललेल्या ओळी बघाव्यात: नवी फाइल, नवा बाहेरचा पत्ता, मुद्दाम गिचमिड केलेला कोड.

वर्डप्रेसमध्ये हे जास्तच गरजेचं आहे, कारण तिथे प्लगिनला वेगळं कुंपण नाही. ते मूळ सॉफ्टवेअरच्याच अधिकाराने चालतं, डेटाबेसचा पासवर्डही वाचू शकतं. नळ दुरुस्तीला आलेल्याच्या हाती घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा द्यावा, तसा हा प्रकार. जून २०२४ मध्ये तर काही प्लगिनच्या कर्त्यांचे दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून हल्लेखोर आत शिरले आणि अधिकृत अपडेटमधूनच साइट्सवर स्वतःसाठी ॲडमिन खाती उघडू लागले. कर्ता प्रामाणिक, संग्रह अधिकृत, तरी घात झाला.

स्वयंचलित अपडेट बंद ठेवावेत, असं मी म्हणणार नाही. त्याने माहीत असलेली भोकं उघडी राहतात. त्यापेक्षा प्लगिनच कमी ठेवा. वापरात नसलेलं नुसतं डिॲक्टिव्हेट करून थांबू नका. त्याच्या फाइली सर्व्हरवर तशाच राहतात आणि काही वेळा थेट पत्ता टाकून बाहेरून चालवता येतात. डिलीटच करा.