अंतर्मुख आहेस, म्हणून सेल्स नको?

प्लेसमेंटच्या तयारीत वर्षानुवर्षं ऐकवलं जातं : ‘सोळा स्वभावप्रकारांच्या चाचणीत अंतर्मुख आलास? मग सेल्स, एचआर विसर.’ हे साफ चुकीचं आहे. कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही मायर्स-ब्रिग्ज चाचणी बेतली, ती माणसाचा कल ओळखायला. कुवत ती मोजतच नाही. उमेदवार निवडायला ती वापरू नका, असं तिचे प्रकाशकच बजावतात. शिवाय निकाल चार अक्षरांत येतो, त्यात अंतर्मुखाला I, बहिर्मुखाला E; गुण मधल्या रेषेच्या जरा अलीकडे-पलीकडे झाले की अक्षर बदलतं. काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रकारच वेगळा येतो. अशा एका अक्षरापायी माझ्या वर्गातल्या मुलीनं अर्जावरचं ‘ग्राहक संपर्क’ निळ्या पेनानं खोडलं, तेव्हा फार जीव तुटला. आम्ही नवा अर्ज काढला आणि मुलाखतीची उत्तरं मोठ्यानं म्हणायला बसलो.