सांगोल्की ते ब्रायटन : एका करारामागची नव्वद वर्षे

1 फेब्रुवारी 2021 रोजी, हिवाळी ट्रान्सफर खिडकी (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरलेली मुदत) बंद होण्याच्या दिवशी, ब्रायटन अँड होव्ह अल्बियन या इंग्लिश क्लबने इक्वेडोरच्या 19 वर्षांच्या मोइसेस काइसेदोशी करार केल्याचे जाहीर केले. किंमत अधिकृतपणे सांगितली गेली नाही. वृत्तपत्रांनी ती साधारण 45 लाख पौंड दिली. अडीच वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, याच मध्यरक्षकासाठी लंडनच्या चेल्सीने 10 कोटी पौंड आणि पुढे कामगिरीनुसार आणखी दीड कोटीपर्यंत रक्कम मान्य केली आणि ब्रिटिश फुटबॉलमधला तोवरचा सर्वांत महाग व्यवहार झाला. या दोन आकड्यांमधल्या तफावतीचे श्रेय बहुधा ब्रायटनच्या चाणाक्ष नजरेला दिले जाते. ते त्यांना मिळायलाच हवे. पण इक्वेडोरच्या लीगमधला एक पोरगा स्पेन, पोर्तुगाल किंवा मेक्सिकोत न थांबता थेट इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतल्या, प्रीमियर लीगच्या क्लबात जाऊ शकला, याचे कारण निव्वळ पारख नव्हे. इंग्लंडने आपल्या दारावरचे नियम नुकतेच बदलले होते, आणि इक्वेडोरमधल्या सांगोल्कीतल्या एका क्लबने त्या दारापाशी पोहोचण्याची तयारी बऱ्याच आधीपासून चालवली होती.

इंग्लंडचे हे दार मुळात केवळ दक्षिण अमेरिकनांसाठी नव्हे, तर सगळ्याच परदेशी खेळाडूंसाठी बंद होते. 1930 मध्ये आर्सेनलने ऑस्ट्रियाचा गोलरक्षक रूडी हिडेन याला आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सरकारने त्याला प्रवेश नाकारला. पाठोपाठ 1931 मध्ये इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने देशात दोन वर्षांचे वास्तव्य असल्याशिवाय परदेशी खेळाडूला खेळता येणार नाही, असा नियमच केला. दोन वर्षे बसून राहण्यासाठी कोणता व्यावसायिक खेळाडू येणार? त्यामुळे पुढची जवळजवळ पाच दशके दक्षिण अमेरिकी खेळाडू तिथे अपवादानेच दिसला. त्यातला ठळक अपवाद जॉर्ज रॉबलेडो याचा. तो जन्माने चिलीचा असला तरी आई इंग्लिश असल्याने यॉर्कशायरमध्येच वाढला होता. इंग्लिश क्लबांच्या जुन्या बाद स्पर्धेच्या, म्हणजे एफए कपच्या, 1952 च्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलसाठी आर्सेनलविरुद्ध एकमेव गोल त्याने केला, पण दक्षिण अमेरिकेतून उचलून आणलेला खेळाडू असे काही त्याला म्हणता येणार नाही.

1978 मध्ये युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाचे पूर्वरूप) सदस्य देशांतल्या खेळाडूंना राष्ट्रीयत्वाच्या कारणावरून अडवता येणार नाही, अशी भूमिका घेतली आणि इंग्लिश फुटबॉलला जुना नियम गुंडाळावा लागला. गंमत अशी, की युरोपीयांसाठी उघडलेल्या या दारातून सर्वांत गाजावाजाने आत आले ते दोन अर्जेंटिनी. त्याच उन्हाळ्यात विश्वचषक जिंकलेल्या संघातले ऑस्वाल्दो आर्दिलेस आणि रिकार्दो विया यांना टॉटनहॅमचे व्यवस्थापक कीथ बर्किनशॉ यांनी एकत्रच करारबद्ध केले. हे दोघे मिळू शकतात ही बातमी बर्किनशॉ यांच्यापर्यंत पोहोचवणारे शेफील्ड युनायटेडचे व्यवस्थापक हॅरी हॅसलम यांनी स्वतःच्या क्लबसाठी रिव्हर प्लेटचा अलेहांद्रो साबेया आणला. त्याआधी त्यांचा डोळा 17 वर्षांच्या दिएगो मारादोनावर होता आणि क्लबला तेवढे पैसे उभे करता आले नाहीत, असे आजही सांगितले जाते. हाच साबेया पुढे 2014 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला अंतिम फेरीत नेणारा प्रशिक्षक ठरला.

आर्दिलेस आणि विया यांनी इंग्लिश प्रेक्षकांच्या मनातल्या शंका बऱ्याच अंशी फेडल्या. 1981 च्या एफए कप अंतिम लढतीच्या पुनर्सामन्यात वियाने मँचेस्टर सिटीच्या बचावफळीतून वाट काढत केलेला गोल त्या स्पर्धेच्या इतिहासातल्या सर्वोत्तम गोलांमध्ये गणला जातो. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये फॉकलंड बेटांवरून दोन देशांत युद्ध पेटले. अर्जेंटिनी सैन्य बेटांवर उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी आर्दिलेस एफए कपचा उपान्त्य सामना खेळत होता. अंतिम सामन्यात मात्र दोघांपैकी कोणीही मैदानात नव्हता. आर्दिलेसचा चुलतभाऊ लढाऊ वैमानिक होता आणि तो या युद्धात मारला गेला. आर्दिलेस काही काळ पॅरिस सेंट-जर्मेन क्लबला उसनवारीवर (मूळ क्लबचा करार कायम ठेवून) गेला आणि नंतर टॉटनहॅमला परतला. खेळाडूचे देशांतर हा फक्त पैशाचा व्यवहार नसतो, हे इंग्लंडला या प्रकरणात जवळून पाहायला मिळाले.

त्यानंतरची दोन दशके तुरळक पावलांची आहेत. 1987 मध्ये पाल्मेइरासचा मिरांदिन्या न्यूकॅसलला आला आणि इंग्लिश फुटबॉलमधला पहिला ब्राझिली ठरला. 1995 मध्ये साओ पावलोचा जुनिन्यो मिडल्सबरोला आला. तोवर युरोपीय संघातल्या खेळाडूंसाठी मार्ग मोकळा झाला होता, आणि इथेच दक्षिण अमेरिकनांची खरी पंचाईत होती. युरोपीय संघाचे नागरिकत्व नसलेल्याला कामाचा परवाना लागे, आणि तो मिळवायचा तर दोन वर्षांतल्या राष्ट्रीय संघाच्या स्पर्धात्मक सामन्यांपैकी 75 टक्के सामने खेळलेले असावे लागत, शिवाय तो देश जागतिक क्रमवारीत ठरावीक स्थानाच्या वर असावा लागे. 2015 पासून अव्वल दहा देशांसाठी हे प्रमाण 30 टक्क्यांवर आले. खालच्या क्रमांकांसाठी ते चढत्या क्रमाने कडकच राहिले. ब्राझील किंवा अर्जेंटिनाच्या 19 वर्षांच्या मुलाला राष्ट्रीय संघात जागाच मिळत नाही आणि इक्वेडोरचा क्रमांक अनेकदा पुरेसा वर नाही. म्हणजे नियमाने बहुतेकदा दोघांनाही बाहेर ठेवले, फक्त कारणे वेगळी. त्यामुळे दक्षिण अमेरिकी मुलगा आधी स्पेन, पोर्तुगाल किंवा इटलीत जाई, जमल्यास तिथला पासपोर्ट मिळवी, आणि इंग्लिश क्लब त्याला कितीतरी पट किंमत मोजून तिथून उचलत.

या काळातले सर्वांत वादग्रस्त प्रकरण मात्र परवान्याचे नव्हते. 31 ऑगस्ट 2006 रोजी कार्लोस तेवेस आणि हाविएर मास्केरानो हे कोरिंथियान्सचे दोन अर्जेंटिनी खेळाडू अनपेक्षितपणे वेस्ट हॅममध्ये दाखल झाले. त्यांचे आर्थिक हक्क (म्हणजे विक्रीतून येणाऱ्या पैशावरचा हक्क) क्लबकडे नव्हे, तर बाहेरच्या गुंतवणूकदार कंपन्यांकडे होते. ही माहिती दडवल्याबद्दल वेस्ट हॅमला 55 लाख पौंड दंड झाला, पण गुण कापले गेले नाहीत. शेवटच्या दिवशी तेवेसने ओल्ड ट्रॅफर्डवर गोल करून संघाला वाचवले आणि त्याच दिवशी शेफील्ड युनायटेडची मात्र खालच्या श्रेणीत घसरण झाली. पुढे प्रीमियर लीगने अशा त्रयस्थ मालकीवर बंदी घातली आणि 2015 मध्ये फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने ती जगभर लागू केली. खेळाडूचे हक्क क्लबकडेच राहणार हे यामुळे पक्के झाले, आणि मुले घडवणाऱ्या छोट्या क्लबांच्या दृष्टीने ही बंदी वरकरणी वाटते त्यापेक्षा मोलाची होती.

आता इक्वेडोरकडे वळायला हवे. हा देश विश्वचषकात पहिल्यांदा खेळला तो 2002 मध्ये. त्या संघातले कित्येक खेळाडू उत्तरेकडच्या चोता खोऱ्यातले, आफ्रिकी वंशाच्या गरीब वस्त्यांमधले होते. त्यांच्यापैकी आगुस्तीन देल्गादो साउदम्प्टनला गेला. उलिसेस दे ला क्रूस स्कॉटलंडमार्गे ॲस्टन व्हिलाला पोहोचला आणि तिथल्या पगारातून त्याने आपल्या पिकिउचो गावात पिण्याचे पाणी आणि दवाखाना उभा केला. आंतोनियो वालेन्सिया राजधानी क्विटोच्या एल नासिओनालमधून आधी स्पेनच्या व्हियारेआलला, तिथून उसनवारीवर विगनला आणि 2009 मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला. पेर्विस एस्तुपिन्यानचे उदाहरण तर बोलके आहे. 2016 मध्ये वॉटफर्डने त्याला घेतले, पण चार वर्षे तो स्पेनमधल्या एकामागून एका क्लबात उसनवारीवर फिरत राहिला, आणि वॉटफर्डसाठी एकही सामना न खेळता विकला गेला.

काइसेदोचा क्लब याच देशातला असला तरी त्याची जातकुळी वेगळी आहे. इंडिपेंडिएंते देल वाये हा क्विटोशेजारच्या सांगोल्कीतला 1958 सालचा क्लब. 2007 मध्ये तो खालच्या श्रेणीत खितपत पडलेला असताना मिशेल देलर या उद्योजकाने साथीदारांसह तो हाती घेतला. चाहत्यांची मोठी फौज नाही, जुनी परंपरा नाही. मग पैसा गुंतवायचा तो मुलांवर, असा त्यांचा सरळ हिशेब होता. देशभरातून निवडलेली मुले क्लबच्याच वसतिगृहात राहतात, क्लबच्याच शाळेत शिकतात आणि सर्व वयोगटांचे संघ एकाच पद्धतीने खेळतात. 2016 मध्ये हा क्लब रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स या दोघांनाही हरवून कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. त्या वर्षी एप्रिलमध्ये इक्वेडोरच्या किनाऱ्यावर भीषण भूकंप झाला होता, आणि क्लबने सामन्यांच्या तिकिटांचे उत्पन्न भूकंपग्रस्तांना दिले. अंतिम लढत कोलंबियाच्या अतलेतिको नासिओनालने जिंकली. पण 2019 मध्ये खंडातली दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा कोपा सुदामेरिकाना आणि 2020 च्या सुरुवातीला 20 वर्षांखालील मुलांची लिबर्तादोरेस सांगोल्कीत आली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तोपर्यंत या क्लबने स्वतःच्या देशातले विजेतेपद एकदाही पटकावले नव्हते.

सांतो दोमिंगो शहरातल्या दहा भावंडांतला सर्वांत धाकटा काइसेदो कुमारवयात या वसतिगृहात आला आणि त्या विजेत्या युवा संघात होता. सप्टेंबर 2020 मध्ये लिबर्तादोरेसच्या गतविजेत्या, ब्राझीलच्या फ्लामेंगोला 5-0 असे लोळवणाऱ्या मुख्य संघातही तो होता. ऑक्टोबरमध्ये त्याने ब्युनोस आयर्सला अर्जेंटिनाविरुद्ध राष्ट्रीय संघात पदार्पण केले आणि पाचच दिवसांनी उरुग्वेविरुद्ध गोल नोंदवला.

नेमक्या याच सुमारास इंग्लंडमध्ये ब्रेक्झिटचा, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा, संक्रमणकाळ संपत होता. 1 जानेवारी 2021 पासून युरोपीय खेळाडूंची सवलत गेली आणि सर्व परदेशी खेळाडूंसाठी एकच गुणपद्धत आली. राष्ट्रीय संघातले सामने, क्लबसाठी खेळलेली मिनिटे, खंडीय स्पर्धेतला सहभाग आणि तिथली मजल, लीगचा दर्जा, क्लबचे स्थान या सर्वांचे गुण मिळून 15 झाले की परवाना. या तक्त्यात कोपा लिबर्तादोरेसला युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्याच गटात बसवलेले होते. म्हणजे ज्या पद्धतीचा सर्वाधिक गवगवा युरोपीयांना अडवणारी म्हणून झाला, तिनेच लिबर्तादोरेस गाजवणाऱ्या सांगोल्कीच्या मुलाला लिस्बन किंवा माद्रिदचा वळसा वाचवला. काइसेदोचा करार या नव्या नियमांखालच्या पहिल्याच खिडकीत झाला, हा योगायोग मानायला मी तरी तयार नाही. ब्रायटनचे मालक टोनी ब्लूम यांचा मूळ व्यवसाय आकडेवारीच्या आधारे पैज लावण्याचा. त्यांच्या क्लबाला हा तक्ता वाचायला वेळ लागला नसणार.

थेट मार्ग म्हणजे थेट संघात जागा, असे मात्र झाले नाही. ऑगस्ट 2021 मध्ये त्याला बेल्जियमच्या बीरस्कॉटला उसनवारीवर धाडण्यात आले आणि जानेवारीत परत बोलावले. 9 एप्रिल 2022 रोजी आर्सेनलच्या मैदानावर त्याने प्रीमियर लीगमधला पहिला सामना खेळला. ब्रायटनने तो 2-1 असा जिंकला आणि दुसऱ्या गोलाचा पास त्याचा होता. जानेवारी 2023 मध्ये आर्सेनलने मागणी घातली तेव्हा त्याने समाजमाध्यमावर उघडपणे क्लब सोडू देण्याची विनंती केली. ब्रायटनने नकार दिला. ऑगस्टमध्ये लिव्हरपूलचा 11 कोटी 10 लाख पौंडांचा प्रस्ताव क्लबने स्वीकारलाही, पण काइसेदोने चेल्सीच निवडली.

या व्यवहारातला सांगोल्कीचा वाटा फिफाच्या एका तरतुदीतून येतो. करार संपण्याआधी खेळाडू विकला गेला, की रकमेतले 5 टक्के त्याच्या बाराव्या ते तेविसाव्या वाढदिवसाच्या हंगामांत त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. सोळाव्यापासून पुढच्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. 10 कोटी पौंडांवर हा अर्धा टक्का म्हणजे 5 लाख पौंड, तेही एकेका हंगामामागे. जुलै 2020 पूर्वी एकाच देशातल्या दोन क्लबांमधल्या व्यवहाराला हे लागू नव्हते. ती दुरुस्ती झाली नसती, तर ब्रायटन आणि चेल्सी या दोन इंग्लिश क्लबांच्या सौद्यातून इक्वेडोरला या तरतुदीखाली काहीच मिळाले नसते.

ब्रेक्झिटने एक गोष्ट अवघडही केली. 18 वर्षांखालील खेळाडूच्या परदेशी ट्रान्सफरवर फिफाची बंदी आहे. युरोपीय संघाच्या आत 16 वर्षांपासूनची मुभा इंग्लिश क्लबांच्या हातून गेली. म्हणून ते आता दक्षिण अमेरिकेतल्या मुलांशी आधी करार करतात आणि अठरावा वाढदिवस येईपर्यंत थांबतात. पाल्मेइरासचा एस्तेव्हाव याने जुलै 2025 मध्ये क्लब विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीत गोल केला तो चेल्सीविरुद्धच, आणि ती स्पर्धा आटोपताच तो चेल्सीचा झाला. इंडिपेंडिएंतेच्या केंद्री पाएसला चेल्सीने 2023 मध्ये, तो 16 वर्षांचा असताना, निश्चित केले. तो 2025 मध्ये युरोपात आला, पण लंडनमध्ये न खेळता फ्रान्सच्या स्ट्रासबूर्गला उसनवारीवर गेला, आणि हा क्लबही चेल्सीच्याच मालकांचा आहे.